अठरा हजार किलोमीटर चाललेली २०१८ ची स्विफ्ट: ठाण्यातल्या एका विक्रीचा प्रकरण अभ्यास

(माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाडी, कागद आणि रकमांचा क्रम घडला तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

ठाण्यात वसंत विहार परिसरात राहणारं निवृत्त जोडपं. मे २०१८ मध्ये घेतलेली मारुती सुझुकी स्विफ्ट, व्हीएक्सआय, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. नोंदणी एमएच-०४, पहिला मालक, स्टिल्ट पार्किंगमध्ये छपराखाली उभी. काकांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं, रात्रीचं चालवणं बंद झालं, मग दिवसाचंही. मुलगा परगावी. जुलै २०२५ अखेर गाडी काढायचं ठरलं तेव्हा मीटरवर १८,६४० किलोमीटर होते. सात वर्षांत एवढे, म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच हजार.

घरच्यांचा हिशेब साधा होता. गाडी जपलेली, जवळजवळ न चाललेली, त्यात जुनं चार सिलिंडरचं के-सिरीज इंजिन. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडर आहेत, त्यामुळे जुन्या इंजिनाला मुद्दाम विचारणारे लोक बाजारात आहेत, हे खरंच. या सगळ्यावर किंमत ठरली सव्वापाच लाख. ३ ऑगस्टच्या रविवारी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आणि एका जाहिरातीच्या साइटवर फोटो गेले.

पहिला ग्राहक आणि ड्रॉवरमधला कागद

१० ऑगस्टला कळव्याहून एक तरुण जोडपं आलं. गाडी पाहिली, चालवली आणि ४ लाख ७० हजार सांगितले. पुढे जे झालं ते पाहता या गाडीला मिळालेला हा सगळ्यात चांगला भाव होता. काका पाच लाखांच्या खाली यायला तयार नव्हते. दोन दिवसांनी काका ४ लाख ८५ हजारांपर्यंत उतरले, पण तोवर अडचण भलतीकडेच निघाली होती.

ग्राहक गाडी कर्जावर घेणार होता. त्याच्या बँकेने आरसी मागितली. आरसीवर काकांच्या जुन्या कर्जाचा बोजा, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, तसाच होता. कर्ज २०२२ मध्ये फिटलं होतं, बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) घरी आले होते, ते पाकिटासकट ड्रॉवरमध्ये. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो असा समज होता. तो उतरत नाही. नमुना ३५ वर मालकाची आणि बँकेची सही-शिक्का घेऊन, एनओसीसह आरटीओकडे अर्ज करावा लागतो. बँकेच्या एनओसीवर मुदत छापलेली असते, बहुधा तीन महिन्यांची. इथे ती तीन वर्षांपूर्वी संपली होती.

बोजा असलेल्या गाडीवर दुसरी बँक कर्ज देत नाही. ग्राहकाने आठवडाभर वाट पाहिली आणि दुसरी गाडी घेतली.

एनओसी नव्याने मिळवायला निघाल्यावर बाकीच्या गाठी एकेक करून वर आल्या. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर काकांचा नव्हताच. खरेदीच्या वेळी शोरूममधल्या कुणीतरी स्वतःचा नंबर भरला होता, आणि हे फार गाड्यांच्या बाबतीत घडतं. सरकारच्या वाहन पोर्टलवरच्या कामांचा ओटीपी त्याच नंबरवर जातो. दुसरं, गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवलेली नव्हती. महाराष्ट्रात ती नसेल तर बोजा उतरवणं, मालकी बदल ही कामं पुढे सरकत नाहीत. तिसरं, एक जुनं ई-चलान थकलेलं होतं, चुकीच्या जागी उभी केल्याचं. त्याचाही मेसेज त्या अनोळखी नंबरवरच गेला असणार.

या कामांना क्रम आहे आणि तो उलटा धरला की फेऱ्या वाढतात. आधी आधारच्या आधारे मोबाइल नंबर बदलला, मग चलान भरलं, मग एचएसआरपीची वेळ घेतली (प्लेटचे ७४५ रुपये अधिक जीएसटी), आणि तिची वाट पाहत असतानाच बँकेत नव्या एनओसीचा अर्ज दिला. मध्ये २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर गणपती. बोजा उतरलेली आरसी हातात यायला २४ सप्टेंबर उजाडला.

दरम्यान बाजार हलला

१५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. ३ सप्टेंबरला दर ठरले, २२ सप्टेंबरपासून लागू झाले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, तो सरसकट १८ टक्के झाला. १२९ रुपयांची वस्तू ११८ ला, म्हणजे एक्स-शोरूम किमतीत साडेआठ टक्क्यांची घट. नवी गाडी एवढी उतरली की तिच्या मागची सात वर्षांची गाडी जागेवर राहत नाही.

त्यातच ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष. या पंधरवड्यात आपल्याकडे गाडी कोण घेतो? फोन जवळजवळ थांबले. जे आले त्यांचं एकच म्हणणं होतं, "काका, घट बसू दे, मग बघू." त्या वर्षी घटस्थापना नेमकी २२ सप्टेंबरलाच होती.

जुन्या गाडीची किंमत ठरवताना लोक आपण घेतली तेव्हाची किंमत धरतात, किंवा विम्यातली आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. दोन्हींचा उपयोग थोडा. आयडीव्ही हा पाच वर्षांवरच्या गाडीत मालक आणि विमा कंपनीने मान्य केलेला आकडा असतो, बाजाराने दिलेला नव्हे. धरायची ती आज त्याच दर्जाची नवी गाडी रस्त्यावर कितीला पडते ती, आणि तिथून खाली यायचं.

कमी किलोमीटर हा दावा असतो

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा. मालकाला वाटतं, कमी चालली म्हणजे जास्त पैसे. ग्राहकाच्या डोक्यात पहिला विचार येतो, मीटर मागे केलंय. एका गॅरेजवाल्याने तोंडावर म्हटलंच, "काका, राग मानू नका, पण सात वर्षांत अठरा हजार कोण चालवतं?" काकांनी राग मानला. मानायला नको होता, कारण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कागदाने देता येतं.

चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसची पूर्ण नोंद काढली. मार्च २०१९ ला ३,८५०. फेब्रुवारी २०२० ला ७,४२०. मग टाळेबंदीचा खंड, थेट नोव्हेंबर २०२१ ला ८,९६०. डिसेंबर २०२२ ला ११,९००, डिसेंबर २०२३ ला १४,७००, जानेवारी २०२५ ला १७,३५०. मधली पावणेदोन वर्षांची फट संशयास्पद दिसते, पण तिच्या दोन्ही टोकांचे आकडे एकमेकांशी जुळतात. मीटर मागे केलेल्या गाडीत कुठेतरी आकडा घसरतो, किंवा नोंदीच अचानक बंद होतात.

दुसरा पुरावा टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे स्टेपनीसह पाचही टायर १११८, म्हणजे २०१८ चा अकरावा आठवडा. गाडीबरोबर आलेले मूळ टायर, आणि खाचा अजून साडेपाच मिलिमीटर. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं. मीटर साठ हजारांवरून अठरावर आणलेल्या गाडीचे मूळ टायर असे दिसत नाहीत. क्लच-ब्रेकच्या पेडलवरची रबराची नक्षी आणि ड्रायव्हरच्या सीटची चढायच्या बाजूची कड यांनी तेच सांगितलं.

उभ्या गाडीची दुखणी

कमी चाललेली गाडी म्हणजे निरोगी गाडी, हा समजही इथे टिकला नाही. चालण्याने झिजणारे भाग चांगले होते. वयाने आणि उभं राहण्याने बिघडणारे भाग नव्हते.

बॅटरी बंद गाडीत १२.१ व्होल्ट दाखवत होती. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असायला हवी. सेल मारताना ती ९ च्या खाली जात होती, म्हणजे चार्ज करून भागणार नव्हतं. पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी असल्याने मागचे ब्रेक शू ड्रमला धरले होते, गाडी हलताना "टक" असा आवाज यायचा. पुढच्या डिस्कवर गंज, पहिल्या चार-पाच ब्रेकला घासल्यासारखा आवाज, मग जातो. (बराच काळ उभी ठेवायची तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकाला लाकडी अडण लावावी आणि हँडब्रेक सोडावा.) वायपरची पाती कडक झालेली. आत दमट वास. आणि काच धुण्याचं पाणी येत नव्हतं, कारण बॉनेटखालची नळी उंदराने कुरतडली होती. वायरिंग वाचलं हे नशीब, तिथे बिल हजारांत जातं.

दुरुस्तीचा खर्च असा झाला: बॅटरी ४,२०० रुपये. ऑइल, फिल्टर, चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ करून सर्व्हिस ५,६००. वायपर ६५०, नळी ३००, आतली सफाई १,५००. एकूण १२,२५०. ऑइल बदलून सातच महिने झाले होते, तरी ते करून घेतलं, कारण ताजं बिल आणि त्यावरचे किलोमीटर ग्राहकाला दाखवता येतात.

टायरवर मात्र थांबून विचार झाला. चार नवे टायर म्हणजे १७,००० च्या पुढे. साडेसात वर्षांच्या रबराच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा दिसू लागल्या होत्या. खाच कितीही असली तरी अशा टायरवर एक्सप्रेसवेला वेग घेऊ नये. पण ते बदलले असते तर किलोमीटरचा सगळ्यात बोलका पुरावाच गेला असता. शिवाय ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचे टायर हवे असतात, आपण घातलेल्या टायरचे पूर्ण पैसे कुणी देत नाही. निर्णय झाला तो टायर तसेच ठेवायचे, जाहिरातीतच "टायर मूळ, २०१८ चे, बदलावे लागतील" असं लिहायचं आणि किमतीत तेवढी जागा ठेवायची. आमच्या मते हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय.

डाव्या पुढच्या फेंडरचंही (चाकावरच्या पत्र्याचंही) तसंच. २०२० मध्ये पार्किंगच्या खांबाला घासून तो रंगवला होता, विम्याचा दावा न करता. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर बाकीचे पत्रे १०० ते १२० मायक्रॉन, हा २६०. पुट्टीचा थर असता तर आकडा ५०० च्या पुढे गेला असता. हेही जाहिरातीत लिहिलं. लपवलेला रंग ग्राहकाच्या मेकॅनिकने शोधला, की तो अपघातच ठरतो.

चार पर्याय

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कागद स्वच्छ झाल्यावर, भाव घेतले गेले.

नवी गाडी घेताना जुनी देणं, म्हणजे एक्सचेंज, हा पर्याय कागदावरच राहिला. ३ लाख ७० हजार आणि वर २५ हजारांचा बोनस, पण बोनस नवी गाडी घेतली तरच. यांना घ्यायची नव्हती.

ऑनलाइन गाड्या घेणाऱ्या एका कंपनीने अ‍ॅपवर "४.४५ ते ४.७५ लाख" दाखवलं. घरी येऊन दीड तास तपासणी केल्यावर आकडा झाला ३ लाख ८६ हजार, तोही दोन दिवसांपुरता. कापाकापीची कारणं: रंगवलेला फेंडर, टायरचं वय, सर्व्हिसमधली फट. अ‍ॅपवरचा आकडा म्हणजे भाव नसतो, तो गिऱ्हाईकाला दारापर्यंत आणण्यासाठी असतो. तरी या मार्गाचे फायदे खरे आहेत: पैसे त्याच दिवशी, मालकी बदलाचं काम त्यांच्याकडे, अनोळखी लोकांना घरी बोलावणं नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला तीस हजारांच्या फरकासाठी आम्ही दुसरा मार्ग सुचवणार नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका डीलरने ३ लाख ८० हजार सांगितले आणि कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सही मागितली. म्हणजे मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३०, खरेदीदाराचं नाव रिकामं. त्याचा पुढचा ग्राहक सापडेपर्यंत गाडी काकांच्याच नावावर राहणार, महिनाभर किंवा सहा महिने. डिसेंबर २०२२ च्या नियमदुरुस्तीनंतर आरटीओचं प्राधिकारपत्र घेतलेल्या डीलरकडे गाडी दिल्याची ऑनलाइन नोंद करता येते आणि मधल्या काळाची जबाबदारी त्याच्यावर जाते. "प्राधिकारपत्र आहे का?" या प्रश्नावर इथे उत्तर मिळालं नाही. तो पर्याय तिथेच संपला.

उरली थेट विक्री. २२ तारखेनंतर जाहिरात नव्याने लिहिली, किंमत ४ लाख ४५ हजार. नंबरप्लेट झाकलेले फोटो, सर्व्हिस नोंदीच्या पानाचा फोटो, टायरच्या कोडचा फोटो, "बोजा उतरवलेला, एचएसआरपी बसवलेली". पहिल्या दिवशी आलेल्या फोनांत गाडी न बघताच टोकन पाठवतो म्हणणारे दोघे होते, एकाने पैसे "घेण्यासाठी" क्यूआर कोड पाठवला. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

विक्री

२८ सप्टेंबर, रविवार. कोपरखैरण्याहून शिक्षक पती-पत्नी आणि त्यांचा मेकॅनिक सकाळी सात वाजता आले. वेळ त्यांनीच मागितली होती, थंड इंजिन सुरू होताना ऐकायचं म्हणून. बॉनेटला हात लावून आधी थंड असल्याची खात्री करणारा मेकॅनिक आला की समजावं, माणूस कामाचा आहे. चालवण्याआधी चालवणाऱ्याच्या लायसन्सचा फोटो घेतला. रस्ता ठरवून दिला होता: उपवनहून येऊरच्या फाटकापर्यंतचा चढ, क्लच आणि पिकअपसाठी, मग घोडबंदर रोड आणि परत. चाळीस मिनिटं, काकू मागच्या सीटवर.

मेकॅनिकचा मुद्दा एकच राहिला, टायर. त्यासाठी त्याने किमतीतून वीस हजार कमी मागितले. बोलणं चार लाखांवरून सुरू झालं आणि ४ लाख १८ हजारांवर ठरलं. टोकन अकरा हजार, बँकेतून, पावतीवर "व्यवहार ३ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण न झाल्यास परत" असं लिहून. बाकी रक्कम १ ऑक्टोबरला आरटीजीएसने. त्यांनी थोडी रोख देऊ केली होती, ती घेतली नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख स्वीकारता येत नाही, आणि त्याखालीही हिशेब एकाच खात्यात दिसलेला बरा.

पैसे खात्यात दिसल्यावर सह्या झाल्या: नमुना २९ च्या दोन प्रती, नमुना ३०, चॅसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. प्रत्येक रकान्यात खरेदीदाराचं नाव भरूनच. अर्ज त्याच संध्याकाळी, दोघांचे ओटीपी जवळ असतानाच ऑनलाइन भरला. विक्रेत्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं. खरेदीदाराला तीस दिवस असतात, आणि तिथेच लोक विसावतात.

गाडी दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, सकाळी ११.४० ला गेली. हार, नारळ सगळं नव्या गाडीसारखं. ११.४० हे नेमकं सांगता येतं, कारण ताबा-पावतीवर ते लिहिलं होतं. तारीख, वेळ, मीटर, इंजिन व चॅसिस नंबर, रक्कम, बँकेचा व्यवहार क्रमांक, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि "या वेळेनंतरचे दंड व जबाबदारी खरेदीदाराची" हे वाक्य.

त्यानंतर

९ ऑक्टोबरला पाम बीच रोडवर वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान काकांच्या मोबाइलवर आलं. आरसी अजून त्यांच्याच नावावर होती. पावती दाखवायचीही वेळ आली नाही, खरेदीदाराने त्याच दिवशी दंड भरला. पण हा दंड होता, अपघात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. अपघात झाला असता तर भरपाईच्या दाव्यात काकांना उभं राहावं लागलं असतं, हातात पावती असो वा नसो. नाव २९ ऑक्टोबरला बदललं, नंबर एमएच-०४ चाच राहिला.

विम्यात एक खटका उडाला. काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के होता. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पॉलिसी नावावर करताना कंपनीने उरलेल्या महिन्यांचा बोनसचा फरक खरेदीदाराकडून मागितला, आणि त्याला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेतलं. तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर चालेल. फास्टॅग ताबा देण्याच्या सकाळीच बंद केला होता, त्यामुळे तिकडे घोळ झाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

थेट विक्रीने कंपनीच्या भावापेक्षा ३२ हजार जास्त मिळाले. दुरुस्तीचे १२,२५० वजा केले तर पावणेवीस हजार. एवढ्यासाठी दोन महिने गेले असं म्हणता येईल, पण ते दोन महिने विक्रीने नव्हे, कागदांनी खाल्ले, आणि ते कुठल्याही मार्गाने लागलेच असते.

खरा तोटा १० ऑगस्टचा. ४ लाख ७० हजार आणि ४ लाख १८ हजार यांच्यातला ५२ हजारांचा फरक. त्यातला काही भाग काकांच्या हट्टाचा, हे घरचेही कबूल करतात. पण ते त्याच दिवशी "हो" म्हणाले असते तरी आरसीवरचा बोजा होताच. २०२२ मध्ये पाकीट आलं त्या आठवड्यात अर्ज केला असता, तर हे काम तेव्हाच संपलं असतं.

एका मुद्द्यावर आमच्यातच मतभेद आहे. बोजा उतरेपर्यंत पहिल्या ग्राहकाला पंधरा-वीस हजार कमी करून थांबवता आलं असतं का? एक बाजू म्हणते, लेखी टोकन घेऊन नक्की. दुसरी म्हणते, पाच दिवसांनी जीएसटीची घोषणा झाली, त्यानंतर तो टोकन सोडून गेला असता आणि ते बरोबरच ठरलं असतं.

नव्या मालकांनी दिवाळीआधी चारही टायर बदलले. जुन्यांपैकी एक त्यांनी घरी ठेवला आहे, १११८ चा कोड असलेला, पुढे कधी गाडी विकताना दाखवायला.